पानाच्या करंडीतून गेलेला अर्ज

घरी बसून पदवी घ्यायची आहे, काय करावं, असं विचारायला लोक अजूनही माझ्याकडे येतात. विषय कोणते घ्यावेत, पुस्तकं कुठली, रोज किती तास वाचावं, हे त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. मी त्यांना आधी एकच विचारतो, की तुमचा अर्ज टपालात कोण टाकणार आहे? काही जण हसतात. काहींना वाटतं म्हाताऱ्याला ऐकू आलं नसावं. विषय चुकला तर बदलता येतो, पुस्तक मागून आणता येतं. अर्ज चुकला तर वर्ष जातं, आणि काहींच्या बाबतीत त्या वर्षाबरोबर आणखी बरंच जातं. आमच्या घरात ते गेलं.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथं एका ठेकेदाराच्या भांडारात कारकून होतो. घर पालघरजवळच्या माहीमला. सकाळी एसटीनं पालघर, तिथून गाडीनं बोईसर, बोईसरहून ठेकेदाराच्या ट्रकमध्ये उभ्यानं बांधकामापर्यंत. संध्याकाळी हेच उलट. घरी पोचेपर्यंत आठ वाजत.

माहीमला आमची पानवेलींची वाडी होती. ती आबा, म्हणजे माझे वडील, आणि थोरला भाऊ बघत. वहिनी गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. वहिनीनं आणि मी एकाच वर्षी बी.ए.ला बाहेरून बसायचं ठरवलं. दूरशिक्षण हा शब्द तेव्हा नव्हता. बहिःस्थ विद्यार्थी म्हणत. विद्यापीठ परीक्षा घेई आणि निकाल लावी, मधलं सगळं आपलं आपण बघायचं. एक खाजगी क्लास टपालानं टिपणं पाठवी, सायक्लोस्टाइल केलेली, फिकट शाईची. दोघांत एकच संच मागवायचा म्हणून आम्ही विषयही तेच घेतले.

टिपणांसाठी पत्ता शाळेचा दिला होता. वाडीच्या पत्त्यावरचं टपाल नाक्यावरच्या दुकानात पडून राही, आणि त्या दुकानात पडलेला कागद केव्हा जिऱ्याच्या पुडीला लागेल याचा नेम नसे. घरचा पत्ता भरवशाचा नसेल त्यानं शाळेचा किंवा कचेरीचा द्यावा. हे मी आजही सांगतो.

टिपणं आली की वहिनी ती वहीत उतरवून काढी. चूल आवरल्यावर, मुलगी झोपल्यावर, रोज चार पानं. मग छापील प्रत माझ्याकडे येई. ती मी गाडीत वाचत असे. तीन वर्षांनी लक्षात आलं की मला मजकूर ओळखीचा वाटतो आणि तिला तो येतो. एखादा प्रश्न निघाला की मी पान आठवायचो, ती उत्तर सांगायची. घरी बसून शिकणाऱ्याला दुसरा सल्ला द्यायचा तर हाच. हातानं उतरवावं. वेळ जातो, पण तो वाया जात नाही.

भांडारातला पर्यवेक्षक उत्तरेकडचा होता. माझ्या टेबलावर टिपणं दिसली की तो म्हणे, "बाबू, बी.ए. हो के भी सिमेंट की बोरी ही गिनोगे. बोरी को अंग्रेजी नहीं आती." बाकीचे हसत. मीही हसत असे. रोज त्याच त्या गोष्टीवर रागावण्याइतकं अंगात उरत नसे.

शेवटच्या वर्षी प्रश्न माझ्यापेक्षा वहिनीचा जास्त होता. त्या वर्षी तिच्या बदलीची पाळी होती. बदली म्हणजे जव्हारच्या बाजूला, डोंगरातल्या शाळेत. तिथं मुलीला न्यायची सोय नव्हती आणि भावाला वाडी सोडून जाणं शक्य नव्हतं. याच सुमारास जवळच्या गावातल्या हायस्कुलात एका शिक्षिकेची जागा जूनमध्ये निघणार होती. पदवीधर बाई हवी होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी वहिनीला सरळ सांगितलं होतं, "बाई, एप्रिलात परीक्षा द्या. बसलाय एवढं पत्र आणलंत तरी मी जूनमध्ये धरून ठेवतो. पण बसायला पाहिजे."

बसायला पाहिजे म्हणजे अर्ज जायला पाहिजे. अर्जाची शेवटची तारीख दिवाळीनंतर महिन्याभरानं होती.

आता पानांबद्दल थोडं सांगायला हवं. माहीम-केळव्याची पानं तेव्हा करंड्यांत भरून पालघर स्टेशनावर जात आणि तिथून गाडीनं दूरदूरच्या बाजारांत. करंडीला आतून केळीचं पान लावायचं, त्यावर विड्याची पानं देठ एका बाजूला करून थरानं रचायची, थरागणिक पाणी शिंपडायचं, वर पुन्हा केळीचं पान घालून सुंभानं बांधायचं. चार वाजता बैलगाडी निघे. स्टेशनावर पानांचा मुकादम करंड्या उतरवून घेई, पुन्हा एकदा पाणी मारी आणि डब्यात चढवी. या करंड्या कधी चुकत नसत. पानाला एक दिवस उशीर झाला तर ते पान राहत नाही, म्हणून सगळी साखळी घड्याळासारखी चाले. गावाला टपालापेक्षा या साखळीचा भरवसा जास्त. त्यामुळे लोक करंडीतून काहीही पाठवत. दुरुस्तीचा चष्मा, लेकीला निरोपाची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, पाहुण्यांसाठी औषधाची बाटली. मुकादम ते काढून ज्याचं त्याला पोचवी किंवा स्टेशनातल्या टपालपेटीत टाकी. त्याचं तो काही घेत नसे. आबांनी उभ्या आयुष्यात तालुक्याच्या पोस्टाची पायरी चढली नव्हती. चढायची वेळ आली नव्हती.

माझा अर्ज आधी तयार झाला. सोमवारी तो मी पालघरला रजिस्टर करून टाकला, पोचपावतीसह. वहिनीच्या अर्जावर तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची सही राहिली होती. ते तालुक्याला बैठकीला गेले होते. मंगळवारी दुपारी सही झाली. वहिनी मधल्या सुट्टीत घरी आली, पाकीट आबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आबा, भावजी आले की त्यांना द्या. उद्या जाताना रजिस्टर करतील." आणि शाळेत परत गेली.

आबा ओटीवर करंड्या बांधत होते. पुढचं मला आईकडून कळलं. आई म्हणाली, "त्याच्याकडं द्यायचं हाय ना? ठेवा तिथं फडताळात."

"उद्या कशाला?" आबा म्हणाले. "गाडी आत्ता जाते. सांजच्याला पालघरला पोचल."

"तिनं उद्या म्हटलंय."

"ती मास्तरीण हाय, तिला पोरांचं ठाव. टपाल कसं पाठवायचं ते तिनं मला शिकवायचं?"

त्यांनी पाकीट केळीच्या पानात दोन घड्या घालून गुंडाळलं, सुंभ बांधला आणि सगळ्यांत चांगल्या करंडीत, मधल्या थरात ठेवलं. त्या घरात जपून पाठवायची वस्तू मधल्या थरात ठेवत. वर ठेवली तर पडते, खाली ठेवली तर दबते.

मी आठ वाजता घरी आलो. वहिनी भाकऱ्या करत होती. तिला तोपर्यंत कळलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबांनी करंडीतून पाठवला."

"मुकादमाकडं?"

"हो."

"मग पोचला असेल."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट खरी सांगायची तर ही होती, की उद्या सकाळी पोस्टात थांबावं लागणार नाही आणि मला आधीची गाडी मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालघरच्या फलाटावर मुकादम दिसला. तो लांब होता, पार्सल कचेरीच्या दारात. मला बघून त्यानं हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "वहिनीबायचा कागूद टाकला हा. काळजी नाय."

"बरं झालं," मी म्हणालो. गाडी लागली होती. मी चढलो.

पुढे वर्तमानपत्रात गेल्यावर पहिल्या वर्षी मला जे शिकवलं गेलं ते असं, की ‘झालं’ ही बातमी नसते. केव्हा झालं, कुणी केलं, कशात घालून, कुणाच्या हाती दिलं, हे विचारल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. त्या सकाळी मी पन्नास पावलं चालून गेलो असतो तर मुकादमानं सगळं सांगितलं असतं. त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. अजून तीन दिवस मुदत होती.

झालं होतं ते असं. वाटेत गाडीवानानं करंड्यांवर दोनदा पाणी मारलं होतं. केळीच्या पानाची घडी सुटली होती. मुकादमानं पाकीट काढलं तेव्हा ते ओलं होतं. त्यानं आतला कागद बाहेर काढला, स्टेशनातल्या कंदिलाच्या तापल्या काचेला लावून वाळवला, नवं पाकीट आणलं, पार्सल बाबूकडून त्यावर पत्ता लिहून घेतला आणि स्टेशनातल्या पेटीत टाकला. त्याच्या परीनं त्यानं फार केलं. रजिस्टर करायचं होतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शाई पसरली होती हे त्याला दिसलं होतं, पण त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं कागदावर अक्षरं होती.

तीन आठवड्यांनी शाळेच्या पत्त्यावर लिफाफा आला. अर्ज परत आला होता. सोबत एक ओळ होती. मजकूर वाचता येत नाही व छायाचित्र जोडलेले नाही, सबब परत.

वहिनीनं तो वर्गात उघडला, घडी घालून वहीत ठेवला आणि तास पुरा केला. मग घरी आणून ओटीवर ठेवला. शाळेचा शिक्का आणि तिच्या नावाचं शेवटचं अक्षर तेवढं लागत होतं. वर्षाच्या जागी निळा डाग. फोटोच्या जागी डिंकाचा चौकोन. एका कोपऱ्याला कंदिलाचा तांबूस चटका, आणि सगळ्या कागदाला पानांचा हिरवट वास.

आबा बराच वेळ कागद उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "दोन घड्या घातल्या होत्या मी."

त्यांनी कागद परत ओटीवर ठेवला.

"पान सुकत नाय त्याच्यात. कधी सुकलं नाय."

"हो, आबा," वहिनी म्हणाली.

मी नवा अर्ज घेऊन, रजा टाकून, विद्यापीठाच्या कचेरीत गेलो. जाण्याआधी वहिनीनं सगळं पुन्हा भरलं, पुन्हा सही घेतली, पालघरच्या फोटोवाल्याकडून दुसरी प्रत आणली. मुदत संपून गेली होती हे आम्हाला माहीत होतं. विलंबशुल्काची मुदतही संपली होती. तरी जायचं असं ठरलं, कारण न जाण्याचं कारण कुणाला सांगता येत नव्हतं.

खिडकीतला कारकून सभ्य होता. त्यानं जुना अर्ज हातात घेतला आणि नाकाजवळ नेला. "हे कशात भिजलंय?"

"पानात."

"खायच्या?"

"हो. आमच्याकडे पानांच्या करंडीतून टपाल पाठवतात."

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वर न बघता म्हणाले, "चुना-कात लावून पाठवला असता तर साहेबांनी रंगून मंजूर केला असता." दोघेतिघे हसले. मग खिडकीतल्या कारकुनानं गंभीरपणे मला नियम दाखवला. त्याचं बोट ज्या ओळीवर होतं ती ओळ स्पष्ट होती. मी म्हटलं, मूळ अर्ज मुदतीत पोचलाय. तो म्हणाला, "पोचला हे तुम्ही म्हणता. रजिस्टरची पावती दाखवा, मी आत जाऊन विचारतो."

पावती नव्हती. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी या. वर्ष काय, बघता बघता जातं."

घरी पोचलो तेव्हा वहिनी ओटीवर शाळेच्या वह्या तपासत होती. लाल पेन्सिल खाली न ठेवता तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"पुढच्या वर्षी."

"बरं." तिनं एका वहीवर खूण केली. मग म्हणाली, "तुमचा नीट पोचलाय ना, भावजी?"

"पोचलाय. पावती आहे."

"मग आता गाडीत झोपू नका. इतिहास तुमचा कच्चा आहे."

त्यानंतरचे चार महिने तिनं माझा अभ्यास घेतला. परीक्षा माझी, वह्या तिच्या. मी जेवायला बसलो की ती चुलीपाशी बसून प्रश्न विचारी. उत्तर अडलं की सांगे, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न परत. एकदा मी म्हटलं, "वहिनी, आज राहू दे, फार दमलोय."

"दमलोय असं पेपरात लिहायला जागा नसते," ती म्हणाली. "सांगा."

एप्रिलात ठाण्याला परीक्षा झाली. मी एकटा बसलो. पहिल्या पेपराच्या आधी मला तिच्या वहीचं पान आठवलं, तिच्या अक्षरासकट. माझ्या छापील प्रतीतलं काही आठवलं नाही.

मेच्या शेवटी बदलीचा हुकूम आला. हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांकडे वहिनी स्वतः जाऊन आली. त्यांनी चहा दिला, वाईट वाटतं म्हणाले आणि जागा दुसऱ्या बाईंना दिल्याचं सांगितलं. त्या बाई पदवीधर होत्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती. जूनमध्ये वहिनी एक पत्र्याची पेटी आणि तीन वह्या घेऊन जव्हारच्या एसटीत बसली. मुलगी घरी आजीपाशी राहिली. तिला सांगितलं होतं की आई शनिवारी येईल. आमची समजूत अशी होती की रस्ता बरा असला तर महिन्यातला एखादा शनिवार जमेल, आणि तसंच झालं. माझा निकाल त्याच महिन्यात लागला. दुसरा वर्ग. घरात पेढे आणावेत की नाही याचा कुणी विषय काढला नाही, म्हणून आणले नाहीत.

दिवाळीत वहिनी घरी आली. येताना अर्ज घेऊन आली होती. तिकडच्या मुख्याध्यापकांची सही आधीच घेतलेली होती. उरलेले रकाने तिनं आधी पेन्सिलीनं भरले, मला दाखवले, मग शाईनं गिरवले. एक नक्कल करून पेटीत ठेवली. मी म्हटलं, "द्या, उद्या मी टाकतो."

आबा ओटीवर होते. ते उठले, आत गेले आणि कोट घालून बाहेर आले. तो कोट ते लग्नाला घालत. डोक्यावर टोपी. त्यांनी पाकीट मागितलं, तेलकागदात गुंडाळलं, ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मी जातो."

"आबा, रांग असते," मी म्हटलं.

"असू दे. मला काय उभं राहता येत नाय?"

दुपारच्या एसटीनं गेले आणि दिवे लागायच्या सुमारास परत आले. पोस्टात त्यांना तीन खिडक्यांवर फिरवलं होतं. पहिल्या खिडकीवर मनीऑर्डर होती, दुसरीवर माणूस नव्हता. कोट काढायच्या आधी त्यांनी खिशातून पावती काढली आणि वहिनीच्या पुढ्यात धरली.

"वाच. नाव नीट हाय का बघ."

वहिनीनं वाचलं. "हाय, आबा."

"गाव?"

"हाय."

"पोचल्याची दुसरी चिठी येती, खिडकीवाला म्हणाला."

"येते. इथल्या शाळेच्या पत्त्यावर येईल."

त्यांनी पावती परत घेतली आणि देवांच्या मागे, जमिनीचे कागद ठेवायच्या डब्यात ठेवली. पोचपावती आली तेव्हा तीही तिथंच गेली. घरात त्यानंतर करंडीतून एकही कागद गेला नाही. चष्मे आणि औषधं जात राहिली.

एप्रिलात वहिनी परीक्षेला बसली. तिच्याजवळ अभ्यास घ्यायला कुणी नव्हतं. डोंगरातल्या त्या गावाला टपाल आठवड्यातून दोनदा जाई, तेही वनरक्षकाच्या हाती. निकाल तिला पेपरात छापून आल्यानंतर दहाव्या दिवशी कळला. तिचं कार्ड आम्हाला त्याच्या पुढच्या आठवड्यात मिळालं. त्यावर दोनच ओळी होत्या. पास झाले, वर्ग पहिला. आबांना सांगा.

मी कार्ड घेऊन वाडीत गेलो. आबा करंडी भरत होते. मी वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"पयला म्हणजे तुझ्यापेक्षा वरचा?"

"वरचा."

त्यांनी मान हलवली. आणखी एक थर रचून विचारलं, "मग आता येल ना ती इकडं?"

"नाही, आबा. ती जागा गेल्या साली भरली. बदलीचा अर्ज करावा लागेल. त्याला वर्षं लागतात."

आबांनी हातातली पानं देठ जुळवून थरावर ठेवली, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि शिंपडलं. मग केळीचं पान वर घालून करंडी बांधायला घेतली. चार वाजायला आले होते आणि गाडी थांबत नसे.